गळ टाकण्याआधी उजनीचं पाणी ओळखा

जुलै महिन्यात सोलापूरकर आभाळाकडे बघून कंटाळलेला असतो. पश्चिमेचं वारं सुटलेलं, दिवसभर मळभ, आणि पाऊस म्हणाल तर रस्ता भिजेल एवढाच. त्याच दिवसांत उजनीत मात्र पाणी चढत असतं, कारण ते इथल्या पावसाचं नसतंच. मावळात आणि भीमाशंकरच्या डोंगरात झड लागते, खडकवासला, मुळशी, पवना, चासकमान ही धरणं भरत येतात, तिथून पाणी सुटतं आणि दौंडवरून भीमेतून यशवंतसागरात, म्हणजे उजनीच्या जलाशयात, उतरतं. आपला जिल्हा पडतो सह्याद्रीच्या पर्जन्यछायेत. ढगांत बीजारोपण करून पाऊस वाढतो का हे तपासायला पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेने सोलापूरच निवडलं, यातच सगळं आलं. म्हणून गळ घेऊन निघणाऱ्याने आभाळ दुसऱ्या नंबरवर ठेवावं. आधी पाणी बघावं: ते चढतंय की उतरतंय, वारा त्याला कुठे ढकलतोय, रंग कसा आहे. एवढं कळलं की मासा कुठे असेल याचा अंदाज बराचसा बांधता येतो.

चढतं पाणी, उतरतं पाणी

वर्तमानपत्रात रोज उजनीची टक्केवारी येते. ती नीट समजून घ्या. धरणात एकूण सुमारे 117 टीएमसी पाणी मावतं, पण त्यातलं 63 टीएमसीच्या वर मृत साठ्यात धरलं जातं. टक्के मोजले जातात ते उरलेल्या, म्हणजे साधारण साडेत्रेपन्न टीएमसी उपयुक्त साठ्यावर. त्यामुळे धरण 'शून्य टक्के' झालं तरी तळ दिसत नाही. त्याखाली उणे टक्के सुरू होतात. 2024 च्या जूनच्या सुरुवातीला उजनी जवळपास उणे साठ टक्क्यांवर होती, म्हणजे मृत साठ्यातलंही निम्मं पाणी गेलं होतं. त्याच वर्षी ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात धरण शंभर टक्क्यांवर पोहोचलं. दोन महिन्यांत एवढी उलथापालथ होणाऱ्या जलाशयात 'अमुक झाडाखाली मासा लागतो' हे ज्ञान कामाचं नाही. ते झाड मेमध्ये काठापासून अर्धा किलोमीटर दूर असतं आणि ऑगस्टमध्ये बुडालेलं.

आकड्यापेक्षा त्याची दिशा महत्त्वाची. तीन-चार दिवसांची टक्केवारी शेजारी शेजारी लिहून काढा, सोबत दौंडजवळचा विसर्ग लिहा. पाणी चढत असेल तर मासा काठाकडे येतो. उन्हाळ्यात उघड्या पडलेल्या गाळपेरीच्या जमिनीवर गवत वाढलेलं असतं, पिकांची धसकटं असतात, भेगांत किडे आणि गांडुळं असतात. पाणी तिथे शिरलं की सगळं खाद्य एकदम मोकळं होतं. अशा वेळी लांब फेक करण्याचा अट्टहास करू नका. दोन-चार फूट खोलीत, बुडत्या गवताच्या कडेला गळ सोडा. रोहू आणि मृगळ अशा उथळात चरायला येतात, चिलापी तर येतेच.

पाणी उतरत असेल तर उलट. कालव्याचं आवर्तन सुटलं, किंवा सोलापूरच्या पिण्याच्या पाण्यासाठी नदीत पाणी सोडलं, की काठ रोज मागे सरतो आणि मोठा मासा उथळातून बाहेर पडतो. तो जुन्या भीमेच्या पात्राकडे, खोल नाळेच्या काठाला, पाण्यात घुसलेल्या टेकाडाच्या टोकाला जाऊन थांबतो. अशा ठिकाणी तळाला शिसं लावून टाकावं. काठावर मग उरतात ती बोटभर पिल्लं. ती आमिष कुरतडत राहतात आणि नवख्याला वाटतं, मासा लागतोय.

वर्तमानपत्र हाताशी नसेल तर काठच सांगतो. आडोशाच्या कोपऱ्यात, जिथे लाटा मारत नाहीत, तिथले दगड बघा. पाण्याच्या वर ओलसर काळपट पट्टा असेल, त्यावरचं शेवाळ वरच्या बाजूला वाळून पापुद्रे धरू लागलं असेल आणि खालच्या बाजूला अजून बुळबुळीत असेल, तर पाणी उतरतंय. पट्टा जितका रुंद तितकं उतरणं वेगाचं. याउलट हिरवी गवताची पाती पाण्याखाली उभी दिसली, त्यांच्या टोकांना बुडबुडे चिकटलेले असले आणि पाण्याच्या कडेला काटक्या, वाळकी पानं, मुंग्या तरंगत असल्या, तर पाणी आत्ताच चढलंय. शंका वाटली तर कडेला काडी रोवा आणि तासाभराने बघा.

चिलापीची आणखी एक खूण उतरत्या पाण्यात दिसते. काठाच्या ओल्या गाळात ताटाएवढे गोल, उथळ खड्डे एकाला एक लागून दिसतात. ती नरांनी तोंडाने उकरलेली घरटी. खड्डे नुकते उघडे पडले असतील तर जरा खोल पाण्यात तशीच नवी घरटी असण्याची शक्यता मोठी.

उजनीचं पंचांग वेगळं, हिप्परग्याचं वेगळं

जिल्ह्यातल्या सगळ्या तलावांना एकच हंगाम लावणं ही नेहमी दिसणारी गल्लत. उजनी फुगते पुण्याकडच्या पावसावर, म्हणजे जुलै-ऑगस्टमध्ये. पण आदिला नदीवरचा 1871 सालचा एकरूखचा, म्हणजे आपला हिप्परग्याचा तलाव, मोहोळ तालुक्यातला आष्टीचा तलाव, अक्कलकोटकडचं बोरी नदीवरचं कुरनूर धरण, यांना मुख्य आधार इथल्या पावसाचा. आणि इथला पाऊस खरा पडतो तो उत्तरा आणि हस्त नक्षत्रांत. सप्टेंबर हा आपला सगळ्यात ओला महिना. ज्वारी पेरणारा शेतकरी ज्या पावसाची वाट बघतो, त्याच पावसाने हे तलाव भरतात. म्हणून उजनीत नव्या पाण्याचा जो काळ ऑगस्टमध्ये येतो, तो हिप्परग्याला महिना-दीड महिना उशिरा येतो. ज्याला दोन्हीकडे जाता येतं त्याला चढत्या पाण्याचा हंगाम वर्षातून दोनदा मिळतो.

परतीच्या पावसाचं मूळ बहुतेकदा पूर्वेला असतं. 13 ऑक्टोबर 2020 ला काकीनाड्याजवळ किनाऱ्यावर आलेलं कमी दाबाचं क्षेत्र पश्चिमेला सरकत आलं आणि दुसऱ्या दिवशी सोलापूर-पंढरपूर भागात पुराने हाहाकार झाला. तेव्हा सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये बातम्यांत बंगालच्या उपसागराचं नाव आलं की दोन-तीन दिवसांचे बेत बाजूला ठेवा. ओढ्याच्या तोंडाशी, सांडव्याखाली, नदीच्या पात्रात त्या दिवसांत उतरायचंच नाही. सप्टेंबर 2025 मध्ये सीनेने माढा, करमाळा, मोहोळ भागात काय केलं हे सगळ्यांनी पाहिलं आहे. तेही पाणी काही अंशी वरच्या जिल्ह्यांतून आलं होतं.

वारा आणि रंग

पावसाळ्यात इथला वारा पश्चिमेचा, आणि तो थांबत नाही. उजनीचा फुगवटा लांबच लांब असल्यामुळे या वाऱ्याला लाटा उठवायला भरपूर मोकळं पाणी मिळतं. पृष्ठभागावरचं कोमट पाणी आणि त्यातले सूक्ष्म जीव वारा पूर्वेच्या काठाकडे लोटत नेतो. कटला वरच्या थरात याच जीवांवर जगतो, त्यामुळे तोही तिकडे जातो. वारा तोंडावर घेऊन बसणं त्रासाचं, पण दोन दिवस सलग पश्चिमेचा वारा वाहिला असेल तर लाटा आपटणाऱ्या काठावर, बुचाला गळ तीन-चार फुटांवर लटकवून कटल्याची वाट बघणं मला नेहमी योग्य वाटत आलं आहे. हे काठावरून. होडीतून नाही.

रोहू मधल्या थरात, मृगळ तळाला. कटल्यासाठी वारा बघायचा, मृगळासाठी तळ. मरळ या तिघांपेक्षा निराळी. तिला हवेतून श्वास घेता येतो, म्हणून कुजक्या, गवताळ, पाणी कमी झालेल्या कोपऱ्यातही ती टिकते. निवांत सकाळी गवतात पाणी मधूनच 'गपकन' हललं आणि तिथे एकच वलय उमटलं, तर मरळ वर येऊन हवा घेऊन गेली समजावं. पावसाळ्यात तांबूस पिल्लांचा थवा गवतात वर-खाली होताना दिसला तर खाली नर-मादी राखणीला असतात. त्यांना गळ दाखवू नका. मोठे मासे गेले की तो अख्खा थवा इतर माशांच्या तोंडी जातो.

रंग बघायला हात पुरतो. पाण्यात हात उभा बुडवा. कोपरापर्यंत बुडवूनही बोटं दिसत असतील तर पाणी बऱ्यापैकी स्वच्छ. मनगटापाशीच बोटं नाहीशी झाली, तर कशामुळे ते बघा. तांबडा गढूळपणा म्हणजे पुराचा गाळ. त्यात डोळ्यांनी अन्न शोधणारा मासा थंडावतो. शिंगाळा आणि शिवडा मात्र मिशांनी चाचपत, वासावर फिरतात. तेव्हा कणकेचे गोळे ठेवा बाजूला आणि गांडूळ किंवा कोंबडीची आतडी तळाला सोडा. हिरवा गढूळपणा वेगळा. पुणे आणि पिंपरी-चिंचवडचं सांडपाणी भीमेतून उजनीत येतं, त्यावर शैवाल पोसतं, आणि उन्हाळ्यात पाणी काही ठिकाणी रंगाच्या डब्यासारखं हिरवं दिसतं.

या हिरव्या पाण्याचं गणित समजून घेण्यासारखं आहे. दिवसा उन्हात शैवाल प्राणवायू सोडतं, रात्री तोच वापरतं. म्हणून पहाटे पाण्यातला प्राणवायू सगळ्यात कमी असतो. त्यात पाणी तापलेलं असलं की आधीच कमी मावतो: 20 अंशांच्या पाण्यात लिटरमागे सुमारे 9 मिलिग्रॅम, 30 अंशांच्या पाण्यात साडेसातच्या आसपास. त्यातून आदल्या दिवशी आभाळ भरलेलं आणि वारा पडलेला असेल तर पहाटे मासे वर येऊन तोंडाची उघडझाप करताना दिसतात. बघणाऱ्याला वाटतं, किती मासे वर आलेत! पण तो मासा गुदमरलेला असतो, आमिषाकडे बघतही नाही. शहरातल्या तलावांत मेलेले मासे तरंगल्याच्या बातम्या येतात त्यामागे बहुधा हेच असतं. अशी पहाट दिसली तर सामान उघडू नका. ऊन चढून, वारा सुटून पाणी हललं की दुपारी बघा, नाहीतर वाऱ्याच्या काठावर जा.

हिवाळा आणि मोबाईलचे अंदाज

हिवाळ्यात लोक उन्हाळ्याच्या सवयीने भल्या पहाटे जाऊन बसतात आणि धुक्यात गारठून परत येतात. दिवाळीपासून गड्ड्याच्या जत्रेपर्यंत सकाळचं पाणी गार असतं, मासा सुस्त असतो. दहा वाजेपर्यंत घरी चहा घ्या. दहा ते चार हीच वेळ; त्यातही काळ्या मातीचा, उन्हात तापणारा उथळ काठ, वाऱ्याच्या आड. आमिष लहान, तंगूस बारीक, आणि धीर मोठा. नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये पूर्वेकडच्या चक्रीवादळामुळे दोन-चार दिवस ढगाळ हवा येते, रात्रीची थंडी कमी होते. तेवढे दिवस मासा सकाळी लवकर हलतो, ते चुकवू नयेत. याच महिन्यांत पाणकावळे कामाला येतात. पाणकावळ्यांचा थवा एकत्र बुड्या मारत पुढे सरकत असेल तर खाली लहान मासळीचा थवा आहे, आणि त्याच्या मागावर मोठा मासा असण्याचा संभव आहे.

मोबाईलवर 'आज मासेमारी उत्तम' असे अंदाज मिळतात. त्यांचा पाया बहुतेकदा हवेचा दाब आणि चंद्र. थंड देशांत वादळं येता-जाताना दाब मोठ्या फरकाने बदलतो आणि त्याबरोबर वारा, ढग, तापमान सगळंच बदलतं. त्यामुळे तिथे दाबाचा आकडा बदलत्या हवेची खूण म्हणून चालतो. आपल्याकडे दाब रोजच सकाळी दहाच्या सुमाराला वर आणि दुपारी चारच्या सुमाराला खाली जातो, फरक तीन-चार मिलिबारचा. आता पाण्याचा हिशोब बघा: एक मीटर खोली म्हणजे सुमारे 98 मिलिबार. म्हणजे दिवसभरातला हवेच्या दाबाचा चढ-उतार माशाच्या अंगावर तीन-चार सेंटीमीटर खोलीएवढा. मासा शेपटीच्या एका हालचालीत त्याहून जास्त वर-खाली होतो. चंद्राचंही तसंच, समुद्राला भरती-ओहोटी आहे, हिप्परग्याला नाही. ज्याचा विश्वास आहे त्याने चंद्र जरूर बघावा, पण वारा आणि पाण्याची पातळी बघून झाल्यावर.

मोबाईलचा खरा उपयोग दुसरीकडे आहे, जीव वाचवण्यात.

चैत्र-वैशाखातली दुपार

एप्रिल-मेमध्ये पाणी खाली गेलेलं असतं, इंदापूर तालुक्यातल्या पळसदेवचं जुनं मंदिर उघडं पडलेलं असतं, मासा जुन्या पात्रात गोळा झालेला असतो. मासेमारीला हे दिवस मोहाचे. पहाटे साडेपाच ते साडेआठ आणि सूर्य कलल्यावर तास-दीड तास, एवढाच वेळ बसण्यासारखा; मधल्या वेळात सोलापूरचं ऊन माणसाला आणि माशाला सारखंच सोसवत नाही. पण संध्याकाळची ही बैठक याच महिन्यांत सगळ्यात धोक्याची.

21 मे 2024 ला संध्याकाळी करमाळा तालुक्यातल्या कुगावहून इंदापूर तालुक्यातल्या कळाशीकडे निघालेली बोट उजनीच्या फुगवट्यात वादळी वाऱ्याने उलटली. सहा जणांचा जीव गेला. पाणी तेव्हा वर्षातलं जवळपास सगळ्यात कमी होतं. तरी बुडायला ते पुरेसं होतं. वळवाच्या पावसाची ही रीत प्रत्येकाने पाठ करावी. दुपारपर्यंत असह्य उकाडा. तीन-चारच्या सुमारास एका बाजूला ढग फुलकोबीसारखा वर चढतो, मग त्याचा माथा पसरून सपाट होतो. वारा एकदम पडतो, पाणी आरशासारखं होतं, आणि नवखा माणूस खूश होतो की आता बूच नीट दिसेल. त्यानंतर ढगाच्या दिशेने गार झुळूक येते आणि दूरच्या काठावर धूळ उठलेली दिसते. ती झुळूक अंगाला लागली की हातात मिनिटं उरलेली असतात, तास नव्हे. माथा सपाट झाला तेव्हाच होडी काठाला लागलेली हवी आणि काठ्या मिटलेल्या हव्यात. कटला लागलेला असला तरी.

वीज दिसल्यापासून गडगडाट ऐकू येईपर्यंत सेकंद मोजा. दर तीन सेकंदांना साधारण एक किलोमीटर. तीस सेकंदांच्या आत आवाज आला तर वीज दहा किलोमीटरच्या आत आहे, म्हणजे तुम्ही तिच्या टप्प्यात आहात. कार्बनची काठी उभी धरू नका, मोकळ्या रानातल्या एकट्या बाभळीखाली जाऊ नका; गाडीत किंवा पक्क्या घरात बसा आणि शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास थांबा. पुण्याच्याच उष्णदेशीय हवामान संस्थेचं 'दामिनी' हे ॲप आसपास पडणाऱ्या विजेची सूचना देतं; निघण्याआधी ते मोबाईलमध्ये असू द्या.

उतरलेल्या पाण्यात आणखी एक भीती असते, गाळाची. वरून पापुद्रा वाळलेला, भेगाळलेला दिसतो आणि खाली माणूस मांडीपर्यंत रुततो. वाळू उपशाचे खड्डे आणि बुडालेल्या गावांच्या विहिरीही त्याच पट्ट्यात. गुरांच्या खुरांचे ठसे जिथपर्यंत गेलेत तिथपर्यंतच जा, आणि हातात लांब काठी ठेवा.

कुठे, कधी आणि कुणाला विचारून

तलाव सरकारी असला तरी मासेमारीचा हक्क बहुतेक ठिकाणी मच्छीमार सहकारी संस्थेकडे किंवा ठेकेदाराकडे असतो, आणि उजनीत परवाना लागतो. जाण्याआधी स्थानिक संस्थेत किंवा मत्स्यव्यवसाय विभागाच्या सोलापुरातल्या कार्यालयात विचारा. काठावरच्या भोई आणि कोळी कुटुंबांचं पोट या पाण्यावर आहे. त्यांच्या जाळ्यांच्या ओळीपासून लांब बसा. हवेबद्दलही त्यांनाच विचारावं. 'आज होडी घालू नका' असं त्यांनी म्हटलं तर वाद घालू नये. सिद्धेश्वर तलाव ग्रामदैवताच्या पायाशी आहे, तिथे गळ न्यायचाच नाही.

मृग नक्षत्र निघाल्यापासून पहिल्या पुरापर्यंतचा काळ मात्र हंगामात धरू नये. कटला, रोहू, मृगळ साचल्या पाण्यात अंडी घालत नाहीत. त्यांना पुराचं वाहतं पाणी लागतं, म्हणून नवं पाणी आलं की ते ओढ्या-नद्यांच्या तोंडाशी गर्दी करून वर चढू लागतात. हे चढणीचे मासे अंगाने जड, भुकेपेक्षा प्रवाहाच्या ओढीने निघालेले, आणि पकडायला सगळ्यात सोपे. गाभोळीने भरलेली एक मादी काढली की तिच्या पोटातली लाखभर अंडी गेली. प्रजननाच्या काळात मासेमारी बंद ठेवण्याचे आदेश निघतात ते पाळावेतच, आणि आदेश तुमच्या तलावाला लागू नसला तरी ओढ्याच्या तोंडावर बसू नये. बारीक आसाच्या 'वडाप' जाळ्यांनी बोटभर मासळी ओढली जाते, त्याने उजनीतली मासळी किती घटते हे मच्छीमारच सांगतात. अशी जाळी दिसली तर मत्स्यव्यवसाय विभागाला कळवा.

वितीएवढा रोहू-कटला लागला तर हात ओले करून, गळ हळूच काढून पाण्यात सोडावा. याला अपवाद दोन. बंदी असलेला आफ्रिकन मांगूर आणि काचेच्या टाकीतून सुटून उजनीत पसरलेला, खडबडीत कवचाचा सकर मासा. हे दोन्ही लागले तर कितीही लहान असोत, पाण्यात परत टाकू नका, आणि दुसऱ्या तलावात तर कधीच नेऊन सोडू नका.